कोंबडा की तलंग? : एका प्रोजेक्टची गोष्ट आणि थोडा अभ्यास

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शालेय शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी विषय होता, पण परीक्षेपुरता. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी ‘तुमच्या प्रोजेक्टवर लिही’ असं सांगितलं तेव्हा मी ‘इंग्लिश सेक्शनला देते की’ म्हणून पळ काढायचा प्रयत्न केला. पण या प्रोजेक्टमध्ये जे खरोखर शिकले ते मला मराठीतच शिकायला मिळालं, तेही माणदेशी मराठीत. म्हणून धाडस करते आहे. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

विषय असा : कॅमेरा आणि कॉम्प्युटर वापरून कोंबडा आणि कोंबडी ओळखणं. हसलात ना? सेमिनार हॉलमध्येही सगळे हसले होते. मागच्या बाकावरून कुणीतरी चक्क आरवलं. ‘यात कॉम्प्युटर कशाला हवा? तुरा दिसला की कोंबडा!’ हा प्रश्न आम्हाला आमच्या गाईडपासून मेसच्या मावशींपर्यंत सगळ्यांनी विचारला. तर तिथूनच सुरुवात करू.

अवघड कुठे आहे?

पूर्ण वाढलेला कोंबडा ओळखायला कुणाचीच मदत लागत नाही. मोठा लालभडक तुरा, चोचीखाली लोंबणारी लाल कातडी, वळलेली लांब शेपूट, शिवाय तो स्वतःच पहाटे ओरडून सांगतो. कॉम्प्युटरलाही हे केव्हाच जमलेलं आहे. इमेजनेट नावाचा फोटोंचा प्रचंड संग्रह २००९ साली जाहीर झाला. त्यावरच्या स्पर्धेत २०१२ साली अ‍ॅलेक्सनेट जिंकलं आणि डीप लर्निंगची लाट आली, हे आपण सगळे लेक्चरमध्ये ऐकतो. त्या स्पर्धेच्या १००० वर्गांच्या यादीत ‘कोंबडा’ आणि ‘कोंबडी’ हे दोन वेगळे वर्ग आहेत, अगदी सुरुवातीला, शून्यापासून मोजलं तर ७ आणि ८ नंबरवर. म्हणजे तयार मॉडेल डाऊनलोड केलं तरी त्याला कोंबडा-कोंबडीतला फरक आधीच शिकवलेला असतो. हे कळल्यावर आम्हाला वाटलं, झालं, प्रोजेक्ट संपला, आता फक्त रिपोर्टचं बाईंडिंग बाकी!

पण शेतकऱ्याला ज्या वयात फरक हवा असतो त्या वयात तो दिसत नाही. आपल्याकडे शासनाच्या कुक्कुट विकास योजनेत ८ ते १० आठवड्यांच्या पक्ष्यांचे जे गट वाटतात, त्यात २५ माद्या आणि ३ नर असतात. याचा अर्थ ८ आठवड्यांचा पक्षी नर आहे की मादी, हे कुणालातरी ठामपणे सांगता आलं पाहिजे. त्या वयात तुरा नुकता वर येत असतो, शेपूट अर्धवट असते आणि आरवणं लांबच. अंड्यावर यायच्या आधीच्या कोवळ्या कोंबडीला ‘तलंग’ म्हणतात, हा शब्दही मला तेव्हाच कळला. तर आमचा प्रश्न ‘कोंबडा की कोंबडी’ असा नसून ‘कोंबडा की तलंग’ असा होता.

एक दिवसाचं पिल्लू

याच्याही अलीकडचं टोक म्हणजे एक दिवसाचं पिल्लू. लहानपणी शाळेच्या गेटबाहेर एक माणूस टोपलीत गुलाबी, हिरवी पिल्लं विकायचा. मी हट्ट करून एक गुलाबी पिल्लू घेतलं होतं. ते तिसऱ्या दिवशी मेलं आणि मी दोन दिवस जेवले नाही. ती पिल्लं अशी रंगवून, इतकी स्वस्तात का विकतात, हे मला या प्रोजेक्टमुळे कळलं. अंडी देणाऱ्या जातींमध्ये नर पिल्लाचा काहीच उपयोग नसतो. तो अंडी देत नाही आणि मांसासाठीच्या जातींसारखा भराभर वाढतही नाही. म्हणून हॅचरीत पहिल्याच दिवशी नर बाजूला काढतात. बहुतेक ठिकाणी ते मारले जातात. जगभरात दरवर्षी असे सहा-सात अब्ज नर मारले जातात असा अंदाज आहे. आपल्याकडे त्यातले काही रंगवून बाजारात येतात.

पहिल्या दिवशी ओळखतात कसं? याचे तीन जुने मार्ग आहेत.

पहिला मार्ग जपानचा. मासुई आणि हाशिमोतो या संशोधकांनी १९२०च्या दशकात दाखवून दिलं की पिल्लाच्या गुदद्वाराच्या आतल्या बाजूला, नरात एक बारीकसा उंचवटा असतो. १९२७ साली कॅनडात ओटावा इथे भरलेल्या जागतिक कुक्कुट परिषदेतून ही पद्धत जगाला माहीत झाली. तरबेज माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं तपासतो आणि शंभरात दोनेकच चुकतो. मात्र हा हात बसायला खूप दिवस जातात.

दुसरा मार्ग पंखांचा. पक्ष्यांमध्ये आपल्या उलट असतं : नरात दोन झेड गुणसूत्रं आणि मादीत एक झेड, एक डब्ल्यू. पिसं हळू वाढवणारं एक जनुक झेडवर असतं आणि ते प्रभावी असतं. आता आई ‘हळू’ आणि बाप ‘जलद’ अशी जोडी लावली तर मुलींना झेड फक्त बापाकडून मिळतं, म्हणून त्या सगळ्या ‘जलद’. आणि मुलांना आईचं झेडही मिळतं, म्हणून ते सगळे ‘हळू’. पहिल्या दिवशी पंख उघडून पाहिलं की मुलींची मुख्य पिसं वरच्या आच्छादक पिसांपेक्षा स्पष्ट लांब दिसतात. तिसरा मार्ग रंगाचा. त्याचं तत्त्वही हेच. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक संकरांत मादी पिल्लं तपकिरी आणि नर पिवळट निघतात.

कॅमेरा इथे आधीच पोचलेला आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीचं यंत्र धावत्या पट्ट्यावरच्या पिल्लांच्या पंखांचे फोटो घेऊन नर-मादी वेगळे करतं. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्लं मारायला कायद्याने बंदी आहे, म्हणून तिथे अंड्यातच लिंग ओळखतात. एका पद्धतीत साधारण १३व्या दिवशी अंड्यातून आरपार प्रकाश टाकून आतल्या गर्भाच्या पिसांचा रंग वाचतात. ती फक्त तपकिरी अंड्यांच्या जातींत चालते, कारण तिथेच नर-मादीच्या पिसांचा रंग वेगळा असतो.

एक गोष्ट लक्षात आली का? पंख आणि रंग या दोन्ही मार्गांत कॅमेऱ्याचं काम सोपं केलं आहे ते आई-बापांची जोडी लावणाऱ्याने. गावरान किंवा मिसळ पक्ष्यांत अशी जोडी कुणी लावलेली नसते. तिथे कॅमेऱ्याला पक्ष्याकडेच बघावं लागतं.

काकूंचा गोठा आणि आमचे ९७ टक्के

माझी रूम पार्टनर माण तालुक्यातली. तिची आई, म्हणजे आमच्या काकू, घरामागे शे-दीडशे कोंबड्या पाळतात. गावरान, सुधारित गावरान, थोड्या पांढऱ्या लेगहॉर्नच्या रक्ताच्या आणि काही कडकनाथच्या संकराच्या. महिन्याची पिल्लं त्या नर-मादी न निवडता घेतात आणि ९-१० आठवड्यांनी वेगळी करतात. तलंगा गावातल्या बायका अंड्यांसाठी घेऊन जातात. कोंबडे एकजण घेतो आणि आखाडापर्यंत वाढवून विकतो. आखाडात कोंबड्याला काय भाव येतो हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे तिकडे गेलो. मोबाईलवर पक्ष्यांचे व्हिडिओ काढले, त्यातून हजारो फ्रेम्स काढल्या. मोबाईलनेट हे छोटं मॉडेल घेतलं, जे गुगलने २०१७ साली मोबाईलवर चालावं म्हणूनच बनवलं आहे. त्याचा शेवटचा थर बदलून आमच्या फोटोंवर शिकवलं. ८० टक्के फ्रेम्स शिकवायला, २० टक्के परीक्षेला. रिझल्ट : ९७ टक्के! त्या रात्री कट्ट्यावर भजी पार्टी झाली. एवढी टक्केवारी मला जन्मात कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एकच प्रश्न विचारला. ‘परीक्षेच्या फ्रेम्समध्ये शिकवणीतलीच कोंबडी आहे का?’

आता व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम्स असतात. एका कोंबडीची १२वी फ्रेम शिकवायला गेली आणि १३वी परीक्षेला आली, तर ती परीक्षा कसली? तो पेपर फुटलेला आहे! बारा आणि तेरा यांत फरक फक्त तिने मान किती हलवली एवढाच. आम्ही पक्षीच वेगळे केले. काही पक्षी फक्त शिकवायला, काही फक्त परीक्षेला. ९७चे ८१ झाले. भजी पचली नाहीत.

भिंत ओळखणारं मॉडेल

८१ तरी खरे का? २०१७ साली आलेली ग्रॅड-कॅम नावाची पद्धत आहे. मॉडेलने निर्णय घेताना फोटोचा कुठला भाग महत्त्वाचा धरला, ते ती लाल-पिवळ्या रंगात फोटोवरच दाखवते. आम्ही ती चालवली. तलंगांच्या फोटोंत लाल डाग कुठे पडावा? मागच्या तारेच्या जाळीवर! आणि कोंबड्यांच्या फोटोंत? अंगणातल्या पिवळ्या भिंतीवर!

कारण साधं होतं. कोंबडे भांडतात म्हणून काकूंनी ते अंगणात भिंतीपाशी बांधले होते, आणि तलंगा जाळीच्या शेडमध्ये होत्या. आमच्या मॉडेलने पक्ष्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याने भिंत आणि जाळी पाठ केली होती. असला प्रकार नवीन नाही. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी मुद्दाम असं मॉडेल बनवून दाखवलं होतं जे लांडगा आणि हस्की कुत्रा यांत फरक करायचं, पण खरं म्हणजे फोटोत मागे बर्फ आहे की नाही एवढंच बघायचं. आम्ही तेच केलं, फक्त न ठरवता.

उपाय म्हणून दोन गोष्टी केल्या. पाण्याच्या भांड्याकडे जायला फळ्यांची अरुंद बोळ केली आणि तिच्या बाजूला मोबाईल बसवला, म्हणजे प्रत्येक पक्षी एकाच पार्श्वभूमीवर, एकाच अंतरावरून दिसेल. आणि फोटोतून आधी पक्षी शोधून तेवढाच तुकडा कापून घेतला.

लेबलचाही घोळ होता. ८ आठवड्यांच्या पक्ष्याला कोंबडा म्हणायचं की तलंग, हे ठरवणार कोण? आम्हीच अंदाजाने ठरवलं तर मॉडेल आमचा अंदाज शिकणार. म्हणून पुढच्या बॅचला पायात नंबरच्या रिंगा घातल्या, सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला फोटो घेतले आणि उत्तर लिहिलं ते शेवटी, जेव्हा काही आरवले आणि काही अंड्यावर आल्या. उत्तरपत्रिका तीन-चार महिन्यांनी मिळणारी ही बहुधा एकमेव परीक्षा असेल. युनिव्हर्सिटीची सोडून.

बघायचं कुठे, हे काकूंनी सांगितलं. तुरा किती वर आला, रंग कसा, पायाची नळी किती जाड, उभं राहणं ताठ की वाकून. साधारण बाराव्या आठवड्यानंतर शेपटीच्या मुळाशी, पाठीवरून दोन्ही बाजूंना उतरणारी पिसं बघायची : कोंबड्याची टोकदार आणि चकचकीत, कोंबडीची गोलसर. गंमत म्हणजे टोकदार पिसं हा ‘नराचा’ गुण नाहीच. मादीच्या अंडाशयातलं इस्ट्रोजेन पिसांना गोल करतं. ते नसलं की टोकदार होतात. म्हणूनच एखाद्या म्हाताऱ्या कोंबडीचं अंडाशय बंद पडलं तर तिला कोंबड्यासारखी पिसं येऊ शकतात.

कुठे बघायचं हे कळण्याने किती फरक पडतो याचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. १९८७ साली बिडरमन आणि शिफरार यांनी नवख्या लोकांना एक दिवसाच्या पिल्लांचे १८ फोटो दाखवले. आधी जेमतेम ६० टक्के बरोबर आले. मग नेमकं कुठे बघायचं आणि तिथला आकार फुगीर की सपाट एवढंच सांगितलं, तर तेच लोक ८४ टक्क्यांवर गेले. आमचंही मॉडेल चढलं. परीक्षेच्या पक्ष्यांवर ९० टक्के. यावेळी पेपर फुटला नव्हता. आम्ही खूश झालो.

काकूंचा शब्द

एप्रिलमध्ये नवी बॅच ९ आठवड्यांची झाली. आम्ही मोठ्या उत्साहाने गेलो. प्रत्येक पक्षी बोळीतून गेला, मोबाईलने उत्तर दिलं, आम्ही कोंबड्यांना निळी आणि तलंगांना गुलाबी रिंग घातली. काकूंचं त्या आठवड्यात शेतावर काम होतं. त्या म्हणाल्या, ‘तुमी एवढं शिकलेल्या, तुमीच बगा.’ गुलाबी रिंगवाल्या दहा तलंगा शेजारच्या वाडीतल्या एका बाई घेऊन गेल्या. त्यांनी अंड्यांवर घरखर्च भागेल म्हणून बचत गटातून पैसे उचलले होते.

आखाडात पार्टनरला घरून फोन आला. त्या दहातले तीन आरवायला लागले होते.

शंभरात दहा चुका होणार हे आम्हाला माहीत होतं, रिपोर्टमध्ये आम्हीच तसं लिहिलं होतं. पण रिपोर्टमधल्या दहा टक्क्यांना चेहरा नसतो. आता त्या बाईंचा हप्ता चालू होता आणि तीन अंडी कमी येणार होती. काकूंनी एका शब्दाने कुणाला न विचारता स्वतःच्या, अंड्यावर आलेल्या तीन कोंबड्या नेऊन दिल्या. आम्हाला सांगितलंही नाही. पार्टनरच्या धाकट्या भावाने फोनवर सांगितलं म्हणून कळलं.

पुढच्या सुट्टीत मी माफी मागायला गेले. काय बोलावं सुचेना. मी म्हटलं, ‘काकू, मॉडेल नव्वद टक्के बरोबर होतं हो.’ हे बोलताना मलाच कसंतरी झालं. काकू चुलीपुढे भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, ‘आगं, चुकतंय की समद्यांचंच. म्या बी चुकते. पर मला एकादं पाखरू कळलं न्हाय तर म्या त्येला तसंच ठिवते, आनि पंदरा दिवसांनी बगते. तुज्या मशीनला ठावं नव्हतं तर गप ऱ्हायाचं. ठावं न्हाय म्हनायला काय कमीपना हाय व्हय?’

मी होस्टेलवर परत येईपर्यंत एसटीत तेच डोक्यात होतं. आमच्या प्रोग्रॅममध्ये ‘माहीत नाही’ असं उत्तरच नव्हतं! दोनच खाने केले होते, कोंबडा आणि तलंग. मॉडेलला काही कळो न कळो, एका खान्यात टाकणं त्याला भागच होतं.

ते तीन पक्षी कुठले होते हेही पाहिलं. तिन्ही कडकनाथच्या संकराचे. झाबुआच्या ज्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या जातीत काळं रंगद्रव्य इतकं असतं की कातडी, मांस आणि तुराही काळपट असतो. आमचं मॉडेल मुख्यतः तुऱ्याचा लाल रंग शिकलं होतं. काळ्या तुऱ्यात लाल दिसला नाही, म्हणून ‘तलंग’. उलट लेगहॉर्नच्या रक्ताच्या माद्यांना तुरा जात्याच मोठा असतो, त्यातल्या काही आमच्या हिशेबात ‘कोंबडा’ होऊन निळ्या रिंगेत गेल्या होत्या. नव्वद टक्क्यांतल्या दहा टक्के चुका सगळ्यांत सारख्या वाटलेल्या नव्हत्या. त्या ठरावीक पक्ष्यांवरच पडत होत्या.

तीन ढीग

मग आम्ही काय केलं? आधी चुकांची किंमत काकूंना विचारली. आम्हाला वाटत होतं, तलंग चुकून कोंबड्यात गेली तर मोठं नुकसान, कारण अंडी गेली. काकू म्हणाल्या, ते नुकसान त्यांचं एकटीचं. पण कोंबडा तलंग म्हणून दुसरीच्या दारात गेला तर त्यांचा शब्द जातो, आणि शब्द गेला की पुढच्या वर्षी गिऱ्हाईक येत नाही. म्हणजे आमचा अंदाज बरोबर उलटा होता.

हे आकड्यांत कसं मांडायचं ते पाहू. समजा, कोंबड्याला चुकून तलंग म्हटलं तर नुकसान १०, तलंगेला चुकून कोंबडा म्हटलं तर नुकसान ४, आणि ‘माहीत नाही’ म्हणून काकूंकडे पाठवलं तर त्यांच्या वेळेचं नुकसान १. पक्षी तलंग असण्याची शक्यता प आहे असं मॉडेल म्हणतं. त्याला तलंग म्हटलं तर अपेक्षित नुकसान (१ – प) × १०. हे १ पेक्षा कमी हवं, म्हणजे प ०.९ पेक्षा जास्त हवी. कोंबडा म्हटलं तर अपेक्षित नुकसान प × ४. तेही १ पेक्षा कमी हवं, म्हणजे प ०.२५ पेक्षा कमी हवी. ०.२५ ते ०.९ यांच्या मधलं सगळं ‘माहीत नाही’. बघा, आम्ही आधी डोळे मिटून ०.५ वर रेघ मारली होती. ती रेघ आम्हाला कुणी सांगितली नव्हती, सॉफ्टवेअरमध्ये आयती होती एवढंच.

यात एक मेख आहे. मॉडेल ०.९५ म्हणालं म्हणजे ते खरंच शंभरात ९५ वेळा बरोबर असतं असं नाही. आजकालची डीप मॉडेल्स गरजेपेक्षा जास्त आत्मविश्वासाने बोलतात, हे २०१७ साली कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं आहे. व्हायवामध्ये काहीही ठोकून देणाऱ्या आपल्यासारखंच! त्यावर सोपा उपाय आहे. बाजूला ठेवलेल्या पक्ष्यांवर मॉडेलचा आत्मविश्वास आणि खरी उत्तरं ताडून पाहायची आणि सगळा आत्मविश्वास एका आकड्याने भागून खाली आणायचा. आम्ही ते केलं. शिवाय कडकनाथ आणि लेगहॉर्न संकरांचे जास्त फोटो घेतले आणि त्यांचा निकाल वेगळा लिहिला.

आता आमचं ॲप तीन ढीग करतं. पुढच्या बॅचमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा ‘माहीत नाही’मध्ये गेला. एक परीक्षक म्हणाले, ‘मग तुमच्या सिस्टीमचा उपयोग काय?’ उपयोग असा, की काकूंना आधी शे-दीडशे पक्षी एकेक पकडून पाहावे लागायचे, आता पन्नासच्या आत पाहावे लागतात. त्यातलेही जे त्यांना कळत नाहीत ते त्या तसेच ठेवतात आणि पंधरा दिवसांनी बघतात. आणि रिंग घालायच्या आधी तलंगांचा ढीग त्या एकदा नजरेखालून घालतात, हे आता पक्कं ठरलं आहे.

ज्युनिअर्ससाठी चार गोष्टी

एक. टक्केवारी ऐकून हुरळून जाऊ नका. २५ माद्या आणि ३ नरांच्या गटात डोळे मिटून सगळ्यांना ‘मादी’ म्हटलं तरी ८९ टक्के बरोबर येतं! कुठली चूक किती वेळा होते ते दाखवणारा कन्फ्युजन मॅट्रिक्स मांडा, आणि तोही जातवार.

दोन. परीक्षेचा पक्षी शिकवणीत नको. पक्ष्याच्या जागी पेशंट, गाडी, पान, काहीही घाला. शक्य असेल तर परीक्षा दुसऱ्याच गोठ्यात घ्या.

तीन. मॉडेल बघतंय कुठे ते स्वतः बघा. भिंत ओळखून पास होणारी माणसंही असतात, पण ते असो.

चार. चुकीची किंमत लॅबमध्ये बसून ठरवू नका. ज्याच्या दारात चूक जाऊन पडणार आहे त्याला विचारा.

आमच्या रिपोर्टच्या पहिल्या मसुद्यात त्या तीन कोंबड्यांचा उल्लेख नव्हता. ग्रुपमध्ये एकाचं म्हणणं होतं, कशाला लिहायचं, मार्क जातील. मी पार्टनरकडे पाहिलं. ती म्हणाली, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का? आणि हे कोंबडं तर अख्ख्या वाडीने आरवताना ऐकलेलं आहे. मग आम्ही एक पूर्ण प्रकरण त्या तीन पक्ष्यांवरच लिहिलं. मार्क गेले नाहीत. गेले असते तरी चाललं असतं, असं आता म्हणते; तेव्हा मात्र पोटात गोळा आला होता.

काकूंच्या त्या तीन कोंबड्या परत देता येतील एवढे पैसे आम्ही चौघांनी जमवले होते. काकूंनी घेतले नाहीत. म्हणाल्या, ‘मशीनला गप बसाया शिकिवलंसा, त्यातच आलं समदं.’